कडेचे धान

हे मनन घाईत वाचू नका. दिवसभराची कामे आटोपली, घर जरा निवांत झाले, की बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पवित्र शास्त्र जवळ घ्या आणि रूथचे पुस्तक काढून ठेवा. चारच अध्याय आहेत, आणि आपल्याला बराच वेळ दुसऱ्या अध्यायात थांबायचे आहे. जमल्यास एका ताटात मूठभर तांदूळ घेऊन बसा.

आधी नुसते बसा. श्वास आत येतो आहे, बाहेर जातो आहे. हा श्वास आपण कमावलेला नाही. सकाळी डोळे उघडले तेव्हा तो आपल्या आधीच सुरू होता. आज पोटात जे अन्न गेले, ज्या माणसाने आज तुम्हाला नावाने हाक मारली, ज्या छपराखाली तुम्ही बसला आहात, त्यातले एकेक आठवा. यादी पूर्ण करायची घाई नको. तीन गोष्टी आठवल्या तरी चालतील, पण त्या स्पष्ट दिसू द्या. प्रत्येकीपाशी मनात एवढेच म्हणा: प्रभू, हे तुझ्याकडून आले.

आता मनाने साकोलीला चला.

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गाने भंडारा ओलांडले, लाखनी मागे पडली, की दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात. उत्तरेला नागझिऱ्याचे जंगल, दक्षिणेकडे चुलबंद नदीचे खोरे, आणि मध्ये जिकडे पाहावे तिकडे तलाव. महिना नोव्हेंबरचा धरा. हलके धान निघून गेले आहे, भारी धानाची कापणी चालू आहे. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत वाळत पडल्या आहेत. कुठे भारे बांधून पुंजणे रचले आहे. हवेत ओल्या तणसाचा वास आहे.

ज्या बांधीतले भारे उचलून नेले आहेत, तिथे थांबा. काय उरले आहे ते नीट पाहा. कापलेल्या बुडख्यांच्या ओळी, थोडी ओलसर, थोडी भेगाळलेली माती, आणि तिच्यात पडलेल्या लोंब्या. उभ्या माणसाला त्या दिसत नाहीत. दिसतात त्या वाकणाऱ्याला. एक म्हातारी बाई वाकून चालली आहे. उजव्या हाताने लोंबी उचलते, माती झटकते, देठ सारखे करून डाव्या हातातल्या जुडीत खोवते. मूठ भरली, की तणसाच्या काडीने ती जुडी बांधते आणि ओटीत टाकते. ती सरवा वेचते आहे. शेत तिचे नाही. रोवणीला ती या बांधीत होती की नव्हती, कोणी विचारत नाही. धान उचलल्यावर मागे जे राहते ते वेचणाऱ्याचे, हा या भागाचा, झाडीपट्टीचा, जुना रिवाज आहे, आणि तो ज्या शेतकऱ्यांनी पाळला त्यांतल्या बहुतेकांनी लेवीयाचे पुस्तक कधी उघडलेही नसेल.

त्या बाईकडे थोडा वेळ पाहत राहा. तिच्या बोटांकडे पाहा. ती कोणापुढे हात पसरत नाही, हे मनात नोंदवून ठेवा.

आता शास्त्राकडे वळू. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आणि अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात देव इस्राएलाच्या शेतकऱ्याला कापणीची रीत घालून देतो. शेत अगदी कडेपर्यंत कापायचे नाही. खाली पडले ते वेचायला पुन्हा फिरायचे नाही. एखादी पेंढी शेतात विसरली, तर तिच्यासाठी माघारी जायचे नाही. हे सगळे परक्यासाठी, पोरक्यासाठी, विधवेसाठी. या आज्ञेत मला सर्वांत जास्त खिळवून ठेवते ती एक साधी बाब. मालकाने ते धान्य कापून, भरून, त्यांच्या दारी नेऊन द्यावे, असे इथे सांगितलेले नाही. त्याने ते राहू द्यायचे आहे. गरिबाने येऊन, स्वतःच्या हाताने वेचून, स्वतःची कमाई म्हणून घरी न्यायचे आहे. मालकाला दाता म्हणून मिरवायला जागा नाही आणि वेचणाऱ्याला मान खाली घालायचे कारण नाही. कड मुळातच मालकाची नाही. पीक उभे होते तेव्हापासून तिच्यावर दुसऱ्याचे नाव आहे.

ताटातले तांदूळ हाताने पसरा. बोटाने कडेचे थोडे दाणे बाजूला सारा. या दाण्यांना ‘मी दिले’ हे वाक्य लागू पडत नाही. काही वेळ त्यांच्याकडे पाहा, आणि मनात जे उठते ते उठू द्या. एवढे कशाला, असे वाटले? एवढेच का, असे वाटले? जे उठले ते प्रभूपुढे ठेवा, लपवू नका.

आता रूथचा दुसरा अध्याय वाचा, सावकाश.

मवाबातून आलेली तरुण विधवा. परदेशी, हाताशी काही नाही, सोबत तितकीच रिकामी झालेली सासू, नामी. बेथलेहेमात जवाची कापणी सुरू आहे. रूथ बवाजाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागून वेचू लागते. बवाज नियमशास्त्र पाळतो, पण तिथेच थांबत नाही. तो तिची विचारपूस करतो. आपल्या गड्यांना बजावतो, की तिला कोणी त्रास द्यायचा नाही, हिणवायचे नाही. तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेले पाणी तिने प्यावे, असे सांगतो. जेवणाच्या वेळी तिला आपल्या माणसांच्या पंगतीत बसवतो, हुरडा देतो. आणि गड्यांना सांगतो, की पेंढ्यांतून मुद्दाम थोडे खाली सोडत चला.  ते तिने स्वतःच्या हाताने वेचायचे आहे.

इथे पुस्तक मांडीवर ठेवा. बवाजाच्या गड्यांपैकी एक तुम्ही आहात, असे समजा. पेंढी बांधता बांधता तुम्ही चार लोंब्या मुद्दाम ढिल्या सोडता. मागे वळून पाहत नाही. तिने उचलल्या की नाही, हेही पाहत नाही. असे देणे तुम्ही शेवटचे कधी केले? उत्तर आले नाही तर नवे काही रचू नका. रिकामी जागा तशीच प्रभूपुढे राहू द्या.

पण या अध्यायातला माझ्या मते सर्वांत मोठा दाता बवाज नाही. जेवणाची ती ओळ पुन्हा वाचा. रूथ पोटभर जेवली आणि तिने काही उरवले. संध्याकाळी वेचलेले जव झोडले, ते एक एफा भरले, म्हणजे 20-22 लिटरचे माप. ते घेऊन ती गावात आली, आणि पंगतीत उरवलेला घास तिने सासूच्या हातात ठेवला. सकाळी जिच्या घरात काही नव्हते, तिने पहिल्या भरल्या ताटातूनच नामीचा वाटा काढला. तृप्त झाल्यावर उरले ते दिले, असेही कोणी म्हणेल. पण ज्याने उपास काढला आहे, त्याला ठाऊक आहे, की उद्याची खात्री नसताना उरलेला घास बांधून ठेवायचा असतो. तिने तो बांधून ठेवला, पण दुसरीसाठी. पुढे रूथ आणि बवाज यांच्या घरात ओबेद जन्मला, त्याचा इशाय, इशायाचा दावीद. आणि मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ लिहिताना या सरवा वेचणाऱ्या परदेशी बाईचे नाव गाळले नाही.

वाटण्यासाठी आधी श्रीमंत व्हावे लागते, हा आपला समज इथे मोडतो. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातही हेच आहे. मासेदोनियातील मंडळ्या स्वतः दारिद्र्यात होत्या, तरी यरुशलेमातील संतांसाठी आपल्या ऐपतीपलीकडे देऊ लागल्या, आणि तेही आम्हाला या कामात वाटेकरी होऊ द्या, अशी विनवणी करून. विनवणी देणाऱ्याची आहे, हे विसरू नका.

थोडे थांबा. पाणी प्या, पाठ सैल करा.

साकोलीच्या बांध्यांकडे पुन्हा एकदा पाहू, या वेळी जुलै-ऑगस्टमध्ये, रोवणीच्या दिवसांत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या माणसांनी या मुलखात तलाव बांधले. जवळचा नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने सांगितला जातो. पुढे हे तलाव मालगुजारांकडे गेले, 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली तेव्हा सरकारकडे आले, आणि आज भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहेत. त्या तलावाचे पाणी प्रत्येक बांधीला वेगळ्या पाटाने जात नाही. वरची बांधी भरते, धुऱ्याला पाडलेल्या तोंडातून पाणी खालच्या बांधीत उतरते, तिथून आणखी खाली. वरच्याने तोंड बुजवले, तर खालचे पऱ्हे पिवळे पडतात. आणि वरच्याचेही भले होत नाही. कोवळी रोपे खोल पाण्यात राहिली की फुटवे कमी येतात, मुळे कुजू लागतात.

देवाचा आशीर्वाद मला असाच दिसतो. अब्राहामाला बोलावले तेव्हाच देवाने दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या: तुला आशीर्वाद मिळेल, आणि तुझ्यामुळे पृथ्वीवरच्या कुळांना मिळेल. यांतली पहिली घेऊन दुसरी सोडता येत नाही. आपण मंडळीत साक्ष देतो: नोकरी लागली, मुलगी पास झाली, ऑपरेशन नीट पार पडले, घर उभे राहिले, प्रभूने मला आशीर्वाद दिला. खरेच दिला, त्याची स्तुती असो. पण आपल्या बहुतेक साक्षी इथेच संपतात, आणि मला वाटते साक्षीचा अर्धा भाग सांगायचा राहून जातो. ते पाणी पुढे कोणाच्या बांधीत उतरले?

सुरुवातीला आठवलेल्या तीन गोष्टी पुन्हा समोर आणा. एकेकीला विचारा: तुझ्या खाली कोणाची बांधी आहे? तुमची प्रकृती ठणठणीत असेल, तर शेजारी कोणी दवाखान्यात सोबतीवाचून अडले असेल. तुम्हाला लिहिता-वाचता येते, तर कोणाचा तरी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात पडून असेल. तुमच्या घरी संध्याकाळी हसून बोलणारी माणसे आहेत, तर त्याच गल्लीत कोणी एकटे जेवत असेल. चेहरा दिसेपर्यंत थांबा. ‘गरीब लोक’ म्हणून पुढे जाऊ नका. एक माणूस दिसू द्या.

देवाने दिलेल्यात केवळ धान्य आणि पैसा येत नाही. आपल्या मराठी मंडळीला मिळालेले एक दान साकोलीच्याच भंडारा जिल्ह्यातून जाणाऱ्या लोहमार्गावर दिले गेले. 1893 च्या सुमाराला कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. ती गाडी भंडारा रोड, तुमसर, गोंदिया अशी जाते, आणि गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते.  डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. दोघांचे बोलणे काव्यावर आले, धर्मावर आले. निघताना त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि वाचण्याचे वचन घेतले. टिळक वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच गुंतले. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. साकोलीपासून मुंबईपर्यंत मराठी उपासनेत जी गीते आपण म्हणतो, त्यांतली कितीतरी टिळकांची आहेत. त्या प्रवाशाने काय दिले? एक पुस्तक, काही तासांचे आदराचे बोलणे, आणि समोरचा माणूस ऐकण्याजोगा आहे हा विश्वास. त्याने मुद्दाम खाली सोडलेली लोंबी कोणी, कशी उचलली, हे त्या डब्यातून उतरताना त्याला ठाऊक नव्हते.

दुसरी आठवण पंडिता रमाबाईंची. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण गेली. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. रमाबाई पुण्याहून त्या प्रांतात आल्या, मदतकेंद्रांत फिरल्या, आणि निराधार विधवांना व मुलींना सोबत घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनचा विस्तार या मुलींपासून झाला. तिथे त्यांना अन्न मिळाले, आणि पुढे शेती, विणकाम, छापखान्याचे कामही शिकायला मिळाले. रमाबाईंनी मराठीत केलेले बायबलचे भाषांतर त्याच छापखान्यात, तिथल्या बायका-मुलींच्या हातांनी छापले गेले. मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रमाबाईंनी आपले दुःखही वाटून घेण्याजोगे केले. देवाने ज्या अंधारातून आपल्याला बाहेर काढले, त्या अंधाराची ओळख हीसुद्धा देणगी आहे. दुसरा तिथे अडकलेला दिसला, की वाट आपल्याला ठाऊक असते.

तुमच्या आयुष्यातला असा एक अंधार आठवा. एखादे आजारपण, कर्ज, व्यसन, अपमान. प्रभूने तिथून हात धरून आणले. आज त्याच जागी कोण उभे आहे?

आता एका अवघड जागी थांबले पाहिजे. साकोलीसारख्या गावात ख्रिस्ती घरे मोजकीच असतात. शेजारी हिंदू, बौद्ध, मुसलमान, आदिवासी. अशा ठिकाणी ख्रिस्ती माणसाने दिलेल्या वाटीकडे कधी कधी संशयाने पाहिले जाते. या संशयावर रागावण्याआधी आपले मन तपासावे. बवाजाने रूथच्या ओटीत जव टाकताना तिच्याकडून काही कबूल करून घेतले नाही. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले, एकच आभार मानायला परतला, पण इतर नऊ जणांचे बरे होणे काढून घेतले गेले नाही. तांदळाच्या पिशवीला अट बांधली, की ती पिशवी सौदा होते, आणि देवाच्या नावावर सौदा करणे मला पाप वाटते. कोणी विचारले, तुम्ही हे का करता, तर येशूचे नाव मोकळेपणाने सांगावे. तेही दानच आहे, आणि सर्वांत मोठे. पण विचारणाऱ्याला. भुकेल्याला आधी भात.

आणि घेणेही शिकावे. दिवाळीला शेजारून फराळाचे ताट येते, रोवणीच्या वेळी दुसऱ्या घरचे हात आपल्या बांधीत उतरतात. 2020 च्या उन्हाळ्यात टाळेबंदीत याच महामार्गाने मजूर छत्तीसगड आणि ओडिशाकडे पायी चालले होते, तेव्हा रस्त्याकाठच्या लोकांनी त्यांची जात-धर्म न विचारता पाणी दिले, जेवू घातले. देव आपल्याला ख्रिस्ती हातांनीच देतो असे नाही. जो कधी घेत नाही, त्याचे देणे हळूहळू उपकार होऊ लागते.

सरव्याचे दिवस आता बदलले आहेत, हेही खरे. हार्वेस्टर बांधीत उतरला, की काही तासांत शेत मोकळे. धान ट्रॅक्टरवर, तिथून खरेदी केंद्रावर, आणि चुकारे कधीतरी थेट बँकेच्या खात्यात. मोबाइलवर एक संदेश येतो. त्या संदेशाला कड नसते. पगारदाराचे तर आधीपासूनच असे आहे. म्हणून आज कड आपोआप राहणार नाही, ती आधीच आखून ठेवावी लागेल. चुकारे किंवा पगार जमा झाला, की पहिल्याच दिवशी एक भाग वेगळा काढावा. मंडळीचा दशांश द्यायचाच. पण ही कड त्याहून निराळी, थेट माणसासाठी. आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी ठेवावी, तिच्यात स्वतःचे काम घालू नये. जेवताना एका माणसाचा भात जास्त शिजवावा. हंगामाच्या सणाला आपण वेदीपुढे धान, भोपळे, कोंबड्या आणतो, लिलावात चढी बोली लावतो, सगळ्यांना आनंद होतो, आणि तो आनंद खरा आहे. पण त्या दिवशी वेदीपर्यंत न पोचणारे, दाराबाहेरचे माणूस कोण, हे त्याच आनंदात विचारले जावे.

आता प्रार्थनेत बसा. शब्द तुमचे असू द्या. ते सापडले नाहीत तर माझे हे घ्या. हे पित्या, मला जे मिळाले ते सगळे माझेच आहे असे मी समजत आलो. कडेवर तू लिहिलेले नाव मला वाचू दे. जिथे मी धुऱ्याचे तोंड बुजवले आहे, ती जागा दाखव. देताना माझी मान ताठ होऊ देऊ नकोस आणि घेणाऱ्याची झुकू देऊ नकोस. रूथला जसे पहिल्याच भरल्या ताटापाशी नामीचे स्मरण झाले, तसे मला होऊ दे. प्रभू येशूच्या नावाने. आमेन.

काही वेळ तसेच बसा. मघाशी जो एक चेहरा दिसला होता, तो पुन्हा येईल. आला नाही, तर हेच मनन उद्या संध्याकाळी पुन्हा करा.

मग कागदावर त्या माणसाचे नाव लिहा. त्याच्याकडे काय न्यायचे, तेही लिहा: तांदूळ, औषधाचे पैसे, अर्ज भरून देण्याचा एक तास, किंवा नुसते शेजारी बसणे. हा कागद कोणाला दाखवू नका, मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावरही नको. येत्या रविवारच्या उपासनेआधी त्या घरी जाऊन या.